डर्मॅटोपॅथॉलॉजिस्ट कसं व्हायचं: मेडिकल कॉलेजपासून पहिल्या सहीपर्यंत

मी नक्की काय काम करतो हे मला अजून घरच्यांना नीट सांगता आलेलं नाहीये. "स्किनचाच डॉक्टर ना तू, मग माझ्या गालावरचा हा डाग बघ की" असं म्हणतात आणि मी म्हणतो एक छोटा तुकडा काढून काचेवर लावून द्या, मग सांगतो, की विषय तिथेच संपतो. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कातडीचा तुकडा दुसरा कुणीतरी डॉक्टर काढतो, लॅबमध्ये त्याची स्लाइड बनते आणि ती मायक्रोस्कोपखाली बघून हा सोरायसिस आहे की फंगस, साधा तीळ आहे की मेलानोमा (कातडीचा घातक कॅन्सर) हे ठरवून खाली सही करणारा माणूस म्हणजे डर्मॅटोपॅथॉलॉजिस्ट, आपल्या भाषेत डर्मपॅथ. पेशंट त्याला बहुतेक वेळा ओळखतही नाही.

या लाइनमध्ये यायचं कसं हे रेसिडेंट मुलंमुली सारखं विचारतात आणि मी दरवेळी तेच तेच अर्धवट सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी दार निवडा

आत यायला दोन दारं आहेत. एक पॅथॉलॉजीचं, दुसरं डर्मॅटॉलॉजीचं. मेडिकलची बेसिक डिग्री, मग या दोनपैकी एकात पीजी (देशानुसार साधारण तीन ते पाच वर्षं), आणि त्यानंतर खास डर्मपॅथचं ट्रेनिंग एक किंवा दोन वर्षं. म्हणजे बारावीनंतर दहा वर्षं धरूनच चला, मध्ये परीक्षा हुकली, मनासारखी सीट मिळाली नाही तर अजून एखाद-दोन.

अमेरिकेत हे सगळ्यात नीट बांधलेलं आहे, दोन्हीपैकी कुठलीही रेसिडेन्सी करा, पुढे एक वर्षाची फेलोशिप आणि मग बोर्डाची परीक्षा, आणि हे सर्टिफिकेट तिथलं डर्मॅटॉलॉजी बोर्ड आणि पॅथॉलॉजी बोर्ड १९७४ पासून मिळून देतात. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सचा डर्मपॅथचा डिप्लोमा आहे. शिवाय आयसीडीपीची (इंटरनॅशनल कमिटी फॉर डर्मॅटोपॅथॉलॉजी) एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते जर्मनीत फ्रँकफर्टला, तिला जगभरातून लोक येतात, दोन्ही दारांतून आलेले. आणि बऱ्याच ठिकाणी वेगळी डिग्री अशी नसतेच, तिथे फेलोशिप आणि एखाद्या सिनियरच्या शेजारी डबल हेडेड (दोघांना एकदम बघता येणाऱ्या) मायक्रोस्कोपवर बसून काढलेली वर्षं हेच काय ते सर्टिफिकेट. त्याला कमी समजू नका. मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या दुसऱ्या आयपीसवरूनच आलंय.

कुठलं दार चांगलं हा प्रश्न मला कायम येतो आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. कुठल्याही दाराने आलात तरी तुम्ही अर्धेच आत येता. स्किनवाल्यांना रॅश कळतो, पेशंट डोळ्यासमोर असतो, पण लिम्फोमा (लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) किंवा खोल सॉफ्ट टिश्यूचा ट्यूमर समोर आला की घाम फुटतो, आणि तुकडा मेणात उभा लावायचा की आडवा याने काय फरक पडतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पॅथॉलॉजीवाल्यांचं उलट, पेशी पाठ असतात पण पिटिरियासिस रोझिया कातडीवर कसा दिसतो विचारलं की पुस्तकातला फोटो आठवायला लागतात. त्यामुळे दार स्वभावाप्रमाणे निवडा. रोज पेशंटशी बोलल्याशिवाय चैन पडत नसेल तर स्किन, तासन् तास एका जागी बसून बघत राहायला आवडत असेल तर पॅथॉलॉजी. निवडल्यावर मात्र उरलेलं अर्धं कुठून भरायचं याचा प्लॅन पीजीच्या पहिल्या वर्षापासून करा, फेलोशिपवर ढकलू नका, ते एक वर्ष कधी संपतं कळत नाही.

मी पॅथॉलॉजीवाला. फेलोशिपच्या सुरुवातीला एक स्लाइड आली, एपिडर्मिसच्या (कातडीच्या वरच्या थराच्या) खाली लिम्फोसाइट्सचा जाड पट्टा, एपिडर्मिसमधली वरची ग्रॅन्युलर लेयर पाचरीसारखी जाड झालेली, रीट रिजेस (एपिडर्मिसची खाली उतरणारी टोकं) करवतीच्या दातांसारख्या, म्हणजे लायकेन प्लेनस हा अंगभर डाग उठवणारा आजार, पुस्तकातलं चित्रच. मी छाती फुगवून सांगितलं. सरांनी आयपीसमधून डोळा न काढता विचारलं, "किती आहेत?" मी म्हटलं, काय किती? "अरे लीजन्स किती आहेत पेशंटला?" तुकड्यासोबत आलेला फॉर्म उचलून बघितला तर छातीवर एकच गुलाबीसर डाग, पाठवणाऱ्याला बेसल सेल कार्सिनोमाची, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरची शंका. एकट्या डागात हेच चित्र दिसलं तर तो लायकेनॉइड केराटोसिस, निरुपद्रवी गोष्ट, आणि मी त्या माणसाला एक आजार चिकटवायला निघालो होतो. स्लाइड तीच, पेशी त्याच, फक्त फॉर्मवरच्या एका ओळीने डायग्नोसिस बदललं. तेव्हापासून फॉर्म आधी वाचतो. काही जण मुद्दाम स्लाइड आधी आणि फॉर्म नंतर बघतात, मन कोरं राहावं म्हणून, तेही चालतं, पण फॉर्म न वाचता सही करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पीजीच्या वर्षांत काय करायचं

पॅथॉलॉजीत असाल तर आठवड्यातून निदान एक सकाळ स्किन ओपीडीत जाऊन बसा. कुणी बोलावणार नाही, तुम्हालाच जाऊन विचारावं लागेल आणि पहिले दोन आठवडे कोपऱ्यात अवघडून उभं राहावं लागेल. तिथे बोटाने लीजन चाचपून बघा, दाबल्यावर लाली जाते का नाही ते बघा, आणि परवानगी मिळाली तर दोन-चार पंच बायोप्सी स्वतःच्या हाताने करा. पंच म्हणजे गोल पातं असलेलं छोटं हत्यार, बहुतेक वेळा ४ मिमीचं, ते फिरवत चरबीपर्यंत न्यायचं, मग तो चिमुकला सिलिंडर हळूच उचलून खालून कापायचा. चिमट्याने करकचून धरला की पेशी चिरडल्या जातात आणि लिम्फोसाइट्सच्या निळ्या रेघा ओढल्या जातात, मग त्या स्लाइडवर लिम्फोमा आहे का नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हे एकदा स्वतःच्या हाताने बिघडवलं की पुढे आयुष्यभर क्रश आर्टिफॅक्ट ओळखता येतो.

स्किनमध्ये असाल तर उलटं करा, लॅबमध्ये ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेला तुकडा मोजून कापण्याच्या, टेबलावर जा. आणि एक सवय लावून घ्या, तुम्ही बायोप्सी केलेल्या प्रत्येक पेशंटची स्लाइड स्वतः जाऊन बघायची, आणि बघण्याआधी वहीत आपले तीन डिफरन्शियल (कुठले आजार असू शकतात ते) लिहून ठेवायचे. आधी लिहायचे बरं का. नंतर लिहिलं तर आपण सगळेच हुशार असतो. माझ्या ओळखीच्या एका स्किनवालीने तीन वर्षं अशी वही ठेवली, फेलोशिपच्या इंटरव्ह्यूला तीच घेऊन गेली, आणि समोरच्यांनी तिचा सीव्ही बाजूला ठेवून वहीच चाळली.

तुकड्याचा प्रवास तरी माहीत असू दे

हा भाग बोअरिंग वाटतो म्हणून सगळे उड्या मारून पुढे जातात आणि मग इथेच अडकतात. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडतो, फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट तरी पाहिजे. मग ग्रॉसिंग, म्हणजे मोजमाप, एक्सिजन असेल तर कडांना शाई लावणं आणि ब्रेडच्या स्लाइससारखे काप करणं. नंतर अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं पॅराफिन, आणि मग एम्बेडिंग. कातडीचा तुकडा मेणात कडेवर उभा राहिला पाहिजे, म्हणजे वरच्या केराटिनपासून खालच्या चरबीपर्यंत सगळे थर एका कापात येतील. तो कलंडला की काप तिरका जातो, एपिडर्मिस आहे त्यापेक्षा जाड दिसते, रीटचे टोक सुटे सुटे बेटांसारखे दिसतात आणि नवीन पोरगं त्याला कॅन्सरची घुसखोरी समजून बसतं. मायक्रोटोमवर ४ मायक्रॉनच्या आसपास काप, मग एच अँड ई स्टेन (नेहमीचा निळा-गुलाबी रंग), झाली स्लाइड तयार.

इम्युनोफ्लुरोसन्सचा (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून करायच्या तपासणीचा) तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही, त्याला मिशेलचं मीडियम हे खास द्रावण लागतं, किंवा लॅब जवळ असेल तर थोड्या वेळापुरतं सलाइन. पेम्फिगॉइडसारख्या फोडांच्या आजारात तुकडा फोडाच्या शेजारच्या कातडीचा हवा, फोडाचा नाही. हे दोन नियम सांगून सांगून माझा घसा बसलाय. एकदा एका क्लिनिकमधून बाटली आली, फोडाचं टोपण तेवढं कापलेलं आणि तेही फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे दोन्ही चुका एकाच बाटलीत. फोन केला तर पलीकडून, "मग आहे त्यात काय होतं ते बघा ना सर." काय होणार, पेशंटला परत बोलवावं लागलं. म्हणून ट्रेनिंगमध्येच ही फोन करायची सवय लावून घ्या, आणि चिडून बोलू नका, पुढच्या वेळी त्याने पाठवण्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे.

केसांच्या आजारात टाळूवरून ४ मिमीचे दोन पंच मागा, एक आडवा कापायला आणि एक उभा. आडव्या कापात सगळे फॉलिकल (केसांची मुळं) एकदम मोजता येतात, आणि मोजल्याशिवाय ॲलोपेशियाच्या, म्हणजे केस गळण्याच्या, रिपोर्टला फारसा अर्थ नसतो.

स्लाइड कशी बघायची

पहिली पायरी हास्यास्पद वाटेल. स्लाइड मायक्रोस्कोपवर ठेवण्याआधी हातात धरून उजेडात बघा, नुसत्या डोळ्यांनी. पंच आहे का शेव्ह (वरवर तासून काढलेला तुकडा) आहे, चरबी आलीये का, निळा रंग वरच्या बाजूला पट्ट्यासारखा आहे की खाली गोळ्यागोळ्यांनी, दोन तुकडे आहेत का तीन, आणि फॉर्मवर लिहिलेल्या आकड्याशी ते जुळतात का. स्लाइडवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळवायचा तो पण याच क्षणी, दरवेळी, कितीही घाई असली तरी.

मग सगळ्यात लहान लेन्स, २ किंवा ४ ची. ४० ची लेन्स लावायला हात शिवशिवतात, लावू नका. सूज असलेल्या आजारांमध्ये पेशी नाही, नक्षी बघायची असते. ही पद्धत पक्की केली ती अमेरिकेतल्या बर्नार्ड ॲकरमन यांनी, १९७८ साली, त्याआधी लोक आजारांची नावं आणि त्यांची वर्णनं पाठ करायचे. विचार असा, की आधी बघा सूज कुठे आहे आणि कशी मांडलेली आहे. एपिडर्मिसमध्ये पेशींच्या मध्ये पाणी साचलंय, तर स्पंजिओटिक. एपिडर्मिस एकसारखी लांबलीये, तर सोरायझिफॉर्म. एपिडर्मिस आणि तिच्या खालच्या डर्मिसच्या सीमेवर हल्ला आहे, तर इंटरफेस. मग फोड, ग्रॅन्युलोमा, रक्तवाहिन्या, चरबीतली सूज, अशी मोजकी घरं आहेत. घर सापडलं की त्या घरात कोण कोण राहतं ते आठवायचं, आणि त्यानंतर मोठ्या लेन्सने दार ठोठवायचं. इओसिनोफिल्स आहेत का, प्लाझ्मा सेल्स आहेत का, केराटिनमध्ये न्यूट्रोफिल्स बसलेत का (हे सगळे पांढऱ्या पेशींचे प्रकार), आणि हे शेवटचं दिसलं की सोरायसिस लिहायच्या आधी पीएएस स्टेन मागवा, कारण फंगसही अगदी असंच नाटक करतो.

काही स्लाइड्स नॉर्मल दिसतात. रिकामी कातडी, काहीच नाही. नवखा माणूस घाबरून उगाच "माइल्ड पेरिव्हॅस्क्युलर इन्फ्लमेशन" असं काहीतरी लिहून मोकळा होतो. पण पेशंटला काहीतरी दिसलं म्हणूनच बायोप्सी झाली ना. अशा वेळी माझी एक ठरलेली फेरी असते. केराटिनमध्ये टिनिया व्हर्सिकलर या फंगसच्या यीस्ट आणि आखूड धागे आहेत का? ग्रॅन्युलर लेयर गायब आहे का, म्हणजे इक्थिओसिस? एपिडर्मिसच्या तळाच्या बेसल लेयरमधले मेलानोसाइट्स (रंग बनवणाऱ्या पेशी) गेलेत का, म्हणजे व्हिटिलिगो? पॅपिलरी डर्मिसमध्ये छोटे गुलाबी गोळे, म्हणजे मॅक्युलर ॲमिलॉइड? डर्मिस सुजून कोलॅजनचे धागे एकमेकांपासून लांब गेलेत आणि दोन-चार इओसिनोफिल्स भटकतायत, म्हणजे अर्टिकेरिया? घामाच्या ग्रंथींभोवती काळे ठिपके, म्हणजे चांदी साचलेली अर्जिरिया? ही फेरी मारून झाल्यावरही काही सापडलं नाही तर ब्लॉकमध्ये अजून खोल काप मागवा, मगच नॉर्मल लिहा.

स्पेशल स्टेन्सची यादी पाठ करू नका, प्रत्येक स्टेन का लावतात ते समजून घ्या. उदाहरणार्थ कुष्ठरोगाच्या जंतूसाठी साधा झील-नील्सन न वापरता फाइट-फराको का, कारण या जंतूचं मेणाचं आवरण नाजूक असतं, रंग लवकर सोडून देतो, म्हणून पॅराफिन काढताना झायलीनमध्ये चक्क शेंगदाण्याचं तेल मिसळतात आणि ॲसिडही हलकं वापरतात. हे एकदा कळलं की विसरणं शक्य नाही.

मेलानोसाइट्स, म्हणजे झोप उडवणारा भाग

रॅशमध्ये चुकलात तर बहुतेक वेळा मलम बदलतं. तिळात चुकलात तर माणूस जातो, किंवा काही नसताना त्याच्या अंगावर मोठं ऑपरेशन होतं. म्हणून ट्रेनिंगमधला सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

मेलानोमा असला तर रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ब्रेस्लो जाडी, ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेली. ग्रॅन्युलर लेयरच्या वरच्या कडेपासून सगळ्यात खोल ट्यूमर पेशीपर्यंत सरळ मोजायचं, अल्सर असेल तर अल्सरच्या तळापासून. ऐकायला सोपं आहे पण तुकडा तिरका कापलेला असेल किंवा सगळ्यात खोल पेशी केसाच्या मुळाभोवती असतील तर डोकं धरून बसायला होतं. आणि ०.७ की ०.८ मिमी हा वाद हौसेचा नाही, अल्सर नसेल तर सध्याच्या स्टेजिंगमध्ये टी१ए आणि टी१बी या पायऱ्यांमधली सीमा तीच आहे आणि सेंटिनल नोडचा (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोहोचतो त्या लिम्फ गाठीच्या तपासणीचा) विषय काढायचा की नाही ते त्यावरून ठरतं. शेव्ह करणाऱ्याने मधूनच कापलं असेल आणि ट्यूमर खालच्या कडेला लागलेला असेल तर "निदान इतकी जाडी" असं स्पष्ट लिहा, नेमका आकडा असल्याचं सोंग करू नका.

तुम्हाला वाटेल अनुभवाने हे सगळं पक्कं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, १८७ पॅथॉलॉजिस्टना तिळापासून मेलानोमापर्यंतच्या स्लाइड्स वाचायला दिल्या आणि तज्ज्ञांच्या पॅनेलशी ताडून बघितलं. अगदी साध्या तिळांमध्ये ९२ टक्के वेळा जुळलं, पण मधल्या राखाडी गटांमध्ये निम्म्या वेळाही जुळलं नाही. हे वाचून धीर सोडू नका, पद्धत बदला. शंका आली की खोल काप, मग मेलान-ए, सॉक्स१०, PRAME, केआय६७ या खास स्टेन्सपैकी जे लागेल ते, मग दुसऱ्या माणसाला दाखवा आणि तरीही ठरत नसेल तर बाहेर कन्सल्टला पाठवा. आमच्याकडे नियमच आहे, मेलानोमाचं डायग्नोसिस एकट्याच्या सहीने बाहेर जात नाही. इगो असलेली माणसं या लाइनमध्ये फार काळ शांत झोपत नाहीत.

रिपोर्ट

लिहायला शिका, खरंच वेगळं शिका. रिपोर्ट वाचणारा घाईत असतो, डायग्नोसिसची ओळ वाचतो आणि बंद करतो. म्हणून मुद्दा वर, वर्णन खाली. "सोरायझिफॉर्म डर्मटायटिस, प्लीज कोरिलेट क्लिनिकली" एवढंच लिहिलं तर त्या बिचाऱ्याने बायोप्सी केलीच कशाला, त्याला एवढं आधीच माहीत होतं. त्यापेक्षा लिहा की सोरायसिसच्या बाजूने हे हे आहे, एक्झिमाच्या बाजूने हे आहे, फंगसचा स्टेन निगेटिव्ह, माझा कल इकडे आहे. कल सांगा, त्याचेच पैसे मिळतात आपल्याला. आणि खात्री नसेल तर तीही तितक्याच स्पष्टपणे सांगा. तुमचं एक वाक्य ऐकून कुणीतरी सर्जन एक सेंटिमीटर जास्त कातडी कापणार असतो.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. डोळ्यांखालून हजारो स्लाइड्स गेलेल्या असतील तर परीक्षा निघते. फक्त घड्याळ लावून प्रॅक्टिस करा, आणि आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या गोष्टींसाठी डिजिटल स्लाइड्सचे संग्रह बघा. डिजिटलवर झूम करायचा मोह अजून जास्त होतो एवढं लक्षात ठेवा.

पहिली नोकरी

पर्याय ढोबळ मानाने तीन. टीचिंग हॉस्पिटल, जिथे पगार कमी पण विचित्र केसेस आणि भांडायला माणसं भरपूर. मोठी प्रायव्हेट लॅब, जिथे पैसा बरा पण ट्रे संपतच नाहीत. आणि स्किनवाले असाल तर अर्धा दिवस ओपीडी, अर्धा दिवस स्लाइड्स, जे मला मनातून सगळ्यात छान वाटतं पण दोन्हीकडे अपडेट राहताना दमछाक होते. २०१७ मध्ये अमेरिकेत एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) पहिल्यांदा होल स्लाइड स्कॅनरवरून, म्हणजे पूर्ण स्लाइडच्या डिजिटल फोटोवरून, थेट डायग्नोसिस करायला मंजुरी दिली, तेव्हापासून घरून स्लाइड वाचणं हाही बऱ्याच ठिकाणी खरा पर्याय झालाय. एआयमुळे नोकरी जाईल का हे विचारू नका, त्यापेक्षा मॉनिटर चांगला घ्या.

इंटरव्ह्यूमध्ये पगाराआधी हे विचारा. रोजच्या केसेस किती? ग्रॉसिंग कोण करतं आणि स्किनचं एम्बेडिंग त्यांना येतं का? इम्युनोफ्लुरोसन्स इथेच होतं की बाहेर जातं? पाठवणारे डॉक्टर फॉर्मवर लिहितात की कोरा पाठवतात, फोटो मिळतात का? आणि बाजूच्या खोलीत दुसरा डर्मपॅथ आहे का. नाही म्हणाले तर मग अवघड केस कुणाला दाखवायची हे विचारा, आणि यावर समोरचा माणूस "तुम्ही एक्स्पर्ट आहात ना" म्हणून हसला तर चहा पिऊन निघा.